ऑस्ट्रेलियाला पाठवलेल्या आयरिश कैद्याचा माग: शेवटाकडून सुरुवात करा

मेलबर्न, सिडनी, पर्थमधल्या मराठी घरांत आता दुसरी-तिसरी पिढी वाढते आहे. मुलांची वंशावळ मांडायला घेतली की एका बाजूला सातारा किंवा नागपूर आणि दुसऱ्या बाजूला टिपरारी किंवा कॉर्क अशी जोडी निघू लागली आहे. त्या दुसऱ्या बाजूचा एखादा पूर्वज काळ्या पाण्याची शिक्षा होऊन आलेला असतो. त्याचा शोध घ्यायला बसणारे बहुतेक जण एकाच जागी घसरतात. आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या शोधखिडकीत ते ‘जॉन मर्फी’ असं नाव टाकतात, वय जुळणारा पहिला माणूस उचलतात आणि घरच्या झाडावर टांगतात. पुढे ते जे काही शोधतात ते सगळं परक्या माणसाचं असतं.

हा माग उलट काढावा लागतो. माणूस जिथे वारला तिथून सुरुवात करायची, मागे सरकत जहाजापर्यंत यायचं आणि जहाज पक्कं झाल्यावरच आयर्लंडला जायचं. खालच्या पायऱ्या याच क्रमाने आहेत. मधली एखादी पायरी कंटाळवाणी वाटली तरी ती सोडू नका.

## तयारी: कागद उघडण्याआधी

एक तक्ता करा. प्रत्येक ओळीत तारीख, घटना, ठिकाण, त्या कागदात दिलेलं वय, जहाजाचं नाव आणि वर्ष, कागद कुठे मिळाला आणि तुमची शंका, एवढे रकाने ठेवा. शंकेचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आहे. तो सारखा रिकामाच राहत असेल, तर तुम्ही पुरेसं बारकाईने पाहत नाही आहात.

दुसरा तक्ता नामसाधर्म्याचा. त्याच नावाचे, साधारण त्याच वयाचे जेवढे कैदी सापडतील तेवढे त्यात उतरवा. मेरी केली, पॅट्रिक बर्न, जॉन रायन ही नावं शेकड्यांनी आहेत. आपला माणूस हाच, हे सिद्ध करायचं तर बाकीचे तो का नाहीत, हेही दाखवावं लागतं.

मग नावांची रूपं लिहून काढा. कारकून ऐकू येईल तसं लिहीत असे, आणि सांगणाऱ्याला स्वतःचं नाव वाचता येत नसे. ओ’रायली, रायली, रीली एकच. मीगर आणि माहर एकच. बर्न पुढे बर्न्स होतो. ‘ओ’ आणि ‘मॅक’ कधी गळतात, कधी परत येतात. पहिल्या नावांचंही तसंच: ब्रिजेटची बिडी किंवा डिलिया होते, होनोराची नोरा, जेरेमायाचा डार्बी. ही रूपं हाताशी नसतील तर ‘नोंद सापडली नाही’ हा निष्कर्ष काढायचा तुम्हाला अधिकारच नाही.

घरात चालत आलेली गोष्ट वेगळ्या पानावर जशीच्या तशी लिहून ठेवा. ‘पणजोबांनी भाकरी चोरली’, ‘ते स्वातंत्र्यसैनिक होते’, ‘ते स्वखुशीने आले’. तिचा उपयोग दिशा मिळण्यापुरता आहे. तिला पुरावा म्हणून तक्त्यात घेऊ नका.

सावधान: इतरांनी संकेतस्थळांवर चढवलेल्या वंशावळी सुरुवातीला पाहू नका. एका चुकीच्या जोडणीची नक्कल शंभर झाडांवर होते आणि शंभर ठिकाणी दिसल्यामुळे ती खरी वाटू लागते.

## पायरी १: मृत्यूची नोंद

न्यू साउथ वेल्समध्ये नागरी नोंदणी १ मार्च १८५६ ला सुरू झाली, व्हिक्टोरियात १ जुलै १८५३ ला. या दोन वसाहतींचे मृत्यूचे दाखले तपशीलवार असतात: जन्मस्थान, आईवडिलांची नावं, वडिलांचा धंदा, लग्न कुठे आणि कितव्या वर्षी झालं, मुलांची नावं आणि ‘वसाहतीत किती वर्षं’. सूची फुकट पाहता येते, दाखल्याला पैसे पडतात. ते पैसे द्या. सूचीत जेमतेम नाव आणि वर्ष असतं, माग काढायला लागणारा मजकूर दाखल्यातच असतो.

टास्मानियाची नोंदणी १८३८ च्या अखेरीपासूनची आहे आणि जुनी पानं टास्मानियन नेम्स इंडेक्समध्ये फुकट दिसतात. मात्र तिथल्या जुन्या मृत्युनोंदींत आईवडिलांची नावं नसतात. तिथे ती कमतरता कैद्यांचे कागद भरून काढतात. त्याबद्दल चौथ्या पायरीत.

आता साधी वजाबाकी करा. मृत्यूच्या वर्षातून ‘वसाहतीतली वर्षं’ वजा केली की येण्याचं अंदाजे वर्ष मिळतं, आणि ते वर्ष पुढची दिशा ठरवतं. आयर्लंडहून थेट निघालेलं पहिलं कैदी जहाज क्वीन सिडनीला १७९१ मध्ये पोहोचलं. त्याआधी आलेला आयरिश माणूस इंग्लंडमधून पाठवलेला असणार. १८४० पर्यंत आयरिश जहाजं मुख्यतः सिडनीकडे जात. त्यानंतर १८५३ पर्यंत ती व्हॅन डीमेन्स लँडकडे, म्हणजे आजच्या टास्मानियाकडे गेली. १८४९-५० च्या सुमाराचे थोडे अपवाद सोडा. पश्चिम ऑस्ट्रेलियात कैदी १८५० ते १८६८ या काळात आले आणि ते सगळे पुरुष होते.

तपासा: दाखल्यातली माहिती कोणी दिली? बायकोने किंवा मुलाने दिली असेल तर आईवडिलांची नावं बऱ्यापैकी भरवशाची. इस्पितळाच्या नोकराने किंवा शेजाऱ्याने दिली असेल तर एकही तपशील पक्का धरू नका. ‘वसाहतीतली वर्षं’ हा आकडा कधी एका वसाहतीचा असतो, कधी दोन्हींचा मिळून, हेही लक्षात ठेवा.

तपासा: माणूस जिथे वारला तिथेच तो कैदी म्हणून उतरला असेल असं नाही. शिक्षा संपल्यावर टास्मानियातून हजारो लोक सामुद्रधुनी ओलांडून व्हिक्टोरियात गेले. प्रसिद्ध उदाहरण ऑस्ट्रेलियातला नामांकित दरोडेखोर नेड केली याच्या बापाचं, जॉन ‘रेड’ केलीचं. तो २७ डिसेंबर १८६६ ला व्हिक्टोरियातल्या ॲव्हनेलला वारला. व्हिक्टोरियातच शोधत बसलात तर त्याचा कैदी म्हणून एकही कागद मिळणार नाही, कारण तो जानेवारी १८४२ मध्ये होबार्टला उतरला होता. १८४२ हे साल हाती आलं की टास्मानियाची वाट आपोआप दिसते. या लेखात पुढे त्याचाच दाखला घेतो, कारण त्याचे कागद सुरुवातीपासून शेवटपर्यंत तपासलेले आहेत.

## पायरी २: जहाज आणि वर्ष

सगळा शोध या पायरीवर उभा राहतो किंवा कोसळतो. वसाहतीच्या दप्तरात कैद्याची ओळख नुसत्या नावाने होत नसे. नाव, जहाज आणि येण्याचं वर्ष अशी तिहेरी ओळख असे. सुटका होऊन वीस वर्षं झाली तरी न्यायालयात, वृत्तपत्रात, परवान्यावर ‘अमुक जहाजाने आलेला’ हा शेपटा नावामागे असायचा. तो तुमच्या हाती आला की नामसाधर्म्याच्या तक्त्यातली बहुतेक नावं लगेच खोडता येतात.

जहाज कुठे सापडतं, ते या क्रमाने पाहा.

१. लग्नाची परवानगी. शिक्षा चालू असलेल्या कैद्याला लग्नासाठी गव्हर्नरची परवानगी घ्यावी लागे. न्यू साउथ वेल्सच्या अर्जांची नोंदवही १८२६ ते १८५१ ची आहे आणि तिच्यात वर-वधू दोघांचं वय, शिक्षा, जहाज असतं. कुटुंबाला लग्नाचं वर्ष बहुधा ठाऊक असतं, म्हणून सुरुवात इथून.

२. १८२८ ची जनगणना. न्यू साउथ वेल्समधल्या प्रत्येकापुढे वय, धर्म, जहाज, वर्ष, मालक आणि दर्जा दिलेला आहे. दर्जा दोन अक्षरांत असतो. ‘एफएस’ म्हणजे शिक्षा पुरी करून मोकळा, ‘टीएल’ म्हणजे तिकीट ऑफ लीव्हवर (स्वतःसाठी काम करण्याच्या मुभेवर), ‘सीपी’ म्हणजे सशर्त माफी, ‘जीएस’ म्हणजे अजून सरकारी चाकरीत, ‘सीएफ’ म्हणजे मोकळा आलेला, ‘बीसी’ म्हणजे वसाहतीत जन्मलेला.

३. तिकीट ऑफ लीव्ह आणि सुटकेचा दाखला. दोन्हींवर जहाज आणि वर्ष असतंच.

४. वृत्तपत्रं आणि सरकारी राजपत्र. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ट्रोव्हवर फुकट. पळालेल्या कैद्यांच्या याद्यांत जहाजाबरोबर उंची, डोळे, केस, गोंदण सगळं येतं.

सावधान: एकाच जहाजाने अनेक फेऱ्या केल्या. मँगल्स, इसाबेला, एशिया ही नावं वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा येतात, आणि एशिया नावाची तर जहाजंच एकाहून जास्त होती. नुसतं ‘इसाबेला’ लिहून पुढे जाऊ नका. वर्ष लिहा. सूचीत नावापुढे कंसात फेरीचा आकडा असेल तर तोही लिहा.

सावधान: निघतानाचं जहाज आणि पोहोचतानाचं जहाज एकच असेल, याची हमी नाही. आयरिश राष्ट्रवादी जॉन मिचेलला १८४८ मध्ये आयर्लंडहून बर्म्युडाला नेलं. तिथून नेपच्यून जहाजाने केप ऑफ गुड होपला. तिथल्या वसाहतवाल्यांनी कैदी उतरवून घ्यायला नकार दिला, म्हणून ते जहाज १८५० मध्ये होबार्टला गेलं. बर्म्युडाच्या तरंगत्या तुरुंगांत पाठवलेले आयरिश कैदी शोधताना हा फेरा डोळ्यांपुढे ठेवा.

## पायरी ३: आगमनाची यादी

जहाज आणि वर्ष कळलं की त्या फेरीचं इंडेंट उघडा. जहाजाबरोबर आलेली किंवा उतरताना तयार झालेली कैद्यांची ही यादी. १८२० च्या दशकाच्या मध्यापासून ती भरगच्च होत जाते: वय, शिक्षण, धर्म, लग्न झालं की नाही, मुलं किती, मूळ जिल्हा किंवा गाव, धंदा, गुन्हा, खटला कुठे आणि कधी, शिक्षा किती, आधी शिक्षा झाली होती का, उंची, वर्ण, केस, डोळे, अंगावरच्या खुणा. न्यू साउथ वेल्सची १८३० नंतरची इंडेंट छापील आहेत, वाचायला सोपी. सूची राज्य अभिलेखागाराकडे फुकट मिळते. पानांच्या प्रतिमा बऱ्याचशा ॲन्सेस्ट्री या वंशावळीच्या संकेतस्थळावर आहेत आणि तिथलं वर्गणीचं खातं अनेक सार्वजनिक ग्रंथालयांत बसून विनामूल्य वापरता येतं.

हाताने लिहिलेली पानं असतील तर घाई नको. मोडी कागद वाचताना आधी त्या लेखकाची वळणं ओळखून घेतो, तसंच इथेही करा. पानावरची जी नावं, जे जिल्हे सहज लागतात ते आधी वाचा, त्या कारकुनाचा ‘एस’ आणि ‘एल’ कसा आहे ते पाहा, आणि मगच आपल्या माणसाच्या ओळीकडे या.

इथे हमखास होणाऱ्या तीन चुका.

पहिली: खटल्याचा जिल्हा हाच जन्माचा जिल्हा समजणं. इंडेंटमध्ये हे दोन रकाने वेगळे आहेत. लिमरिकला शिक्षा झालेला माणूस क्लेअरचा असू शकतो. जहाज कॉर्कच्या कोव्ह बंदरातून निघालं म्हणून कैदी कॉर्कचा होत नाही. देशाच्या चारी कोपऱ्यांतले लोक त्याच बंदरातून गेले.

दुसरी: वयावरून जन्मवर्ष ठरवून टाकणं. चार कागदांत चार वयं येतात. पाच वर्षांचा फरक सहज धरा.

तिसरी: नुसता सूचीतला उतारा वाचून थांबणं. समासात नंतरच्या कारकुनांनी तिकिटाचा क्रमांक, माफीचं वर्ष, कधी मृत्यूची तारीख लिहिलेली असते. ती सूचीत येत नाही.

तपासा: अंगावरच्या खुणा तक्त्यात शब्दशः उतरवा. डाव्या हाताची करंगळी वाकडी, भुवईवर व्रण, दंडावर अक्षरं. नाव बदलता येतं, वय खोटं सांगता येतं. पंधरा वर्षांनी सुटकेच्या दाखल्यावर तोच व्रण दिसला की माणूस तोच, हे बऱ्याच खात्रीने म्हणता येतं.

प्रवासातली शल्यवैद्याची रोजनिशी बऱ्याच फेऱ्यांची उपलब्ध आहे. लंडनजवळच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात एडीएम १०१ या मालिकेत ती असते. तुमचा माणूस आजारी पडला नसेल तर त्याचं नाव तिच्यात बहुधा नसेल. तरी एकदा वाचा. त्या फेरीत हवा कशी होती, कोणता ताप पसरला, किती जण वाटेत गेले, हे तिथेच कळतं.

## पायरी ४: वसाहतीतली वर्षं

### टास्मानियात उतरला असेल तर

इथे नशीब उघडतं. कैद्यांचं इतकं सविस्तर दप्तर फार थोड्या ठिकाणी आहे, आणि ते घरबसल्या फुकट पाहता येतं. प्रत्येक कैद्याचे तीन कागद काढा: वर्तनवही, इंडेंट आणि शारीरिक वर्णन. १८४० नंतर आलेल्या पुरुषांची वर्तनवही सीओएन ३३ या मालिकेत आहे, स्त्रियांची सीओएन ४० आणि ४१ मध्ये. कैद्याला मिळालेला पोलीस क्रमांक लगेच टिपून ठेवा. पुढच्या कागदांवर तोच ओळख पटवतो.

वर्तनवहीत वरच्या बाजूला गुन्हा असतो, आणि अनेक पानांवर कैद्याने स्वतः सांगितलेली हकीकतही: काय चोरलं, कोणाचं चोरलं. खाली वसाहतीतले गुन्हे आणि शिक्षा. कामावर गैरहजर, दारू, उर्मट बोलणं, एकांतकोठडी, कष्टाची मजुरी. शब्द अर्धवट तोडलेले असतात, म्हणून एका ओळीसाठी कधी कधी पूर्ण संध्याकाळ जाते. ती जाऊ द्या. या माणसांबद्दल इतकं जवळून दुसरीकडे कुठेही लिहिलेलं नाही.

इंडेंटमध्ये नातेवाइकांचा रकाना असतो: गावाकडे बाप अमुक, आई अमुक, भाऊ दोन, बहिणी तीन, नावांसकट. आयर्लंडमधलं कुटुंब ओळखायला याहून चांगला पुरावा मिळणं अवघड. कित्येक जण वर्तनवही पाहून खूश होतात आणि इंडेंट उघडतच नाहीत. तसं करू नका.

रेड केलीच्या शिक्षेबद्दल पुढे पुष्कळ आख्यायिका तयार झाल्या. कागदावर आहे ती दोन डुकरांची चोरी, टिपरारीतला खटला, सात वर्षं. जानेवारी १८४८ मध्ये तो मोकळा झाला आणि नंतर समुद्र ओलांडून गेला. १८ नोव्हेंबर १८५० ला मेलबर्नच्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये त्याचं एलेन क्विनशी लग्न लागलं. कागदांचा क्रम नीट लावला की दंतकथा आपोआप बाजूला पडते.

### न्यू साउथ वेल्समध्ये उतरला असेल तर

टास्मानियासारखी सलग वर्तनवही इथे मिळत नाही. म्हणून तुकडे जोडावे लागतात. १८२५ पर्यंतसाठी हजेरीपट आणि कलोनियल सेक्रेटरीची कागदपत्रं, नंतर १८२८ ची जनगणना, १८३७ ची कैद्यांची यादी, आणि अधेमधे तुरुंगाच्या प्रवेशवह्या.

तिकीट ऑफ लीव्ह म्हणजे ठरावीक जिल्ह्यात राहून स्वतःसाठी काम करण्याची मुभा. साधारणपणे सात वर्षांच्या शिक्षेत चार वर्षांनी, चौदाच्या शिक्षेत सहा वर्षांनी आणि जन्मठेपेत आठ वर्षांनी ते मिळण्याजोगं होई. तिकीट उशिरा मिळालं असेल तर मधल्या काळात काही तरी घडलं, असं समजून शिक्षांच्या नोंदी शोधा. तिकीट हरवलं, फाटलं, जिल्हा बदलला तर नवं निघे. एकाच माणसाची दोन-तीन तिकिटं पाहून दोन-तीन माणसं समजू नका.

सावधान: जन्मठेपेच्या कैद्याला सुटकेचा दाखला मिळत नसे. तो मुदतीच्या शिक्षेसाठी होता. जन्मठेपवाल्याची वाट तिकीट आणि मग सशर्त माफी अशी. सशर्त माफीत मायदेशी परतायची मुभा नव्हती. त्यामुळे ‘दाखला सापडत नाही, म्हणजे पळाला असेल’ असा तर्क करण्याआधी शिक्षा किती होती ते पाहा.

### स्त्रियांचा माग

लग्नानंतर आडनाव बदलतं आणि माग तिथेच तुटतो, म्हणून स्त्रियांच्या शोधात लग्नाच्या परवानगीचं महत्त्व दुप्पट. परामॅटा आणि होबार्टजवळच्या कॅस्केड्स इथल्या फीमेल फॅक्टरीच्या, म्हणजे कैदी स्त्रियांच्या तुरुंग-कारखान्याच्या, नोंदी पाहा. होबार्टला मूल बरोबर आलं असेल तर न्यू टाउनच्या अनाथशाळेच्या प्रवेशवह्याही पाहाच. आई जिवंत असूनही मुलं तिथे ठेवली जात. तेव्हा ‘अनाथशाळेत होता’ यावरून आई वारली असं लिहून टाकू नका.

### पश्चिम ऑस्ट्रेलिया

आयर्लंडहून थेट आलेली जहाजं इथे फार थोडी. इथल्या आयरिश नावांपैकी बरेच जण इंग्लंडमध्ये शिक्षा झालेले. जानेवारी १८६८ मध्ये फ्रीमँटलला आलेल्या हॉगोमाँट जहाजावर ६२ फेनियन, म्हणजे आयरिश स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या गुप्त संघटनेचे, राजकीय कैदी होते. घरची गोष्ट फेनियन असल्याची असेल, तर त्या बासष्ट नावांची यादी पाहिली की हो किंवा नाही, लगेच ठरतं.

## थांबा: खटला खरंच आयर्लंडमध्ये झाला होता का?

पुढे जाण्याआधी इंडेंटमधला खटल्याचा रकाना पुन्हा वाचा.

लिव्हरपूल, लँकेस्टर, लंडन असं काही असेल तर तुमच्या माणसाचे न्यायालयीन कागद डब्लिनला नाहीत. क्यूमधली एचओ ११ ही मालिका आणि लंडनचा खटला असेल तर ओल्ड बेलीच्या कामकाजाचे ऑनलाइन वृत्तान्त पाहा. पोटासाठी इंग्लंडला गेलेल्या आणि तिथे पकडल्या गेलेल्या आयरिश लोकांची संख्या मोठी आहे.

त्या रकान्यात हिंदुस्थानातल्या छावणीचं नाव आलं तरी दचकू नका. मुंबई इलाख्यातल्या गोऱ्या पलटणींत आयरिश शिपाई भरपूर होते आणि लष्करी न्यायालयाने शिक्षा दिलेल्या शिपायांना इथूनही ऑस्ट्रेलियाला पाठवलं जाई. अशा माणसासाठी क्यूमधली परदेशातल्या लष्करी खटल्यांची डब्ल्यूओ ९० ही नोंदवही पाहा. तो कंपनी सरकारच्या युरोपियन पलटणीतला असेल तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिसचे कागद.

## पायरी ५: आयर्लंडमधली शिक्षा

आता, आणि आताच, राष्ट्रीय अभिलेखागाराची आयर्लंड-ऑस्ट्रेलिया सूची उघडा. हातात नाव, खटल्याचा जिल्हा, वर्ष, गुन्हा, शिक्षा आणि जहाज असल्यामुळे जुळणी काही मिनिटांत होते.

सूचीत काय आहे आणि काय नाही, हे समजून घेतल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. १८३६ च्या आधीच्या हद्दपारीच्या नोंदवह्या १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्समधल्या आगीत नष्ट झाल्या. त्या काळासाठी उरले ते कैद्यांचे अर्ज. म्हणजे ज्याच्यासाठी कोणी दयेचा अर्ज केला, त्याचंच नाव बहुधा मिळणार. १८२५ चा तुमचा माणूस सूचीत नसेल तर त्याचा एवढाच अर्थ की त्याचा अर्ज उरलेला नाही. १८३६ नंतर नोंदवह्याही आहेत आणि दयेच्या अर्जांच्या फायलीही.

फाइल असेल तर ती मागवाच. बायकोची विनवणी, पाद्र्याचं शिफारसपत्र, गावातल्या शेतकऱ्यांच्या सह्या, कधी न्यायाधीशाचा अभिप्राय, असं बरंच काही तिच्यात निघतं. वाचताना एवढं ध्यानात ठेवा: अर्ज दयेसाठी लिहिलेला आहे. ‘सहा पोरं उपाशी’ यातली सहा ही संख्या पॅरिशच्या (चर्चच्या स्थानिक विभागाच्या) वहीत पडताळा.

१८२८ ते १८५२ च्या ‘फ्री सेटलर्स पेपर्स’मध्ये, किमान चार वर्षं शिक्षा काढलेल्या कैद्यांनी बायकामुलांना सरकारी खर्चाने बोलावण्यासाठी केलेले अर्ज आहेत. बायको आयर्लंडला राहिली असेल तर हे कागद चुकवू नका. तिचं गाव आणि मुलांची नावं इथे मिळू शकतात.

सावधान: शिक्षा झाली म्हणजे माणूस जहाजावर चढलाच असं नाही. किलमेनहॅम, स्पाइक आयलंड, स्त्रियांसाठी ग्रेंजगॉर्मन, कोव्ह आणि किंग्जटाउनच्या बंदरांतले तरंगते तुरुंग, अशा ठिकाणी कित्येक जण वारले, काहींची शिक्षा माफ झाली, काहींनी तिथेच शिक्षा संपवली. सरळ आयर्लंडपासून सुरुवात करणारे बहुधा अशाच एखाद्या कधीच न निघालेल्या माणसाला पूर्वज करून बसतात.

तपासा: स्थानिक वृत्तपत्रात ‘फाशी’ आणि इंडेंटमध्ये ‘जन्मठेप’ असेल तर घाबरू नका. फाशीची शिक्षा बदलून हद्दपारी देणं नेहमीचं होतं. अशांततेच्या काळातल्या इन्सरेक्शन ॲक्टखालच्या खटल्यात गुन्हा म्हणून केवळ ‘रात्री घराबाहेर आढळला’ एवढंच असू शकतं. त्याला सात वर्षं होती. तो रात्री बाहेर काय करत होता, हे कागद सांगत नाही, तेव्हा तुम्हीही सांगू नका.

ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्हवर वसंत आणि उन्हाळ्यातल्या असाइझेस, म्हणजे फिरत्या, न्यायालयांचे वृत्तान्त मिळतात. नावापेक्षा जिल्हा, तारीख आणि चोरलेली वस्तू यांवरून शोधा. नाव जुन्या छपाईमुळे यंत्राला नीट वाचता येत नाही. तुरुंगांच्या नोंदवह्या फाइंडमायपास्ट या संकेतस्थळावर आहेत.

## पायरी ६: गाव आणि पॅरिश

जिल्हा कळणं म्हणजे घर सापडणं नव्हे. आयर्लंडात साठ हजारांहून जास्त टाउनलँड, म्हणजे जमिनीचे सगळ्यात लहान विभाग, आहेत. तुम्हाला त्यांतली एक हवी आहे. इंडेंटमधल्या नातेवाइकांची नावं, अर्जातल्या पाद्र्याचं नाव, चोरी ज्याच्याकडे झाली त्या माणसाचं नाव आणि पत्ता, हे सगळे धागे इथे कामाला येतात. गुन्हा बहुधा घराजवळच घडलेला असतो.

आधी जमिनीची दप्तरं पाहा: १८२३ ते १८३७ च्या सुमाराची टाइद अप्लॉटमेंट बुक्स (चर्चच्या कराच्या वह्या) आणि १८४७ ते १८६४ चं ग्रिफिथचं मूल्यांकन (जमीन-घरांच्या किमतीची नोंद). आडनाव कोणत्या पॅरिशमध्ये दाटीने आहे हे त्यांतून दिसतं. मग आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने फुकट ठेवलेल्या कॅथलिक पॅरिशच्या वह्या, साधारण १८८० पर्यंतच्या. नावं लॅटिनमध्ये असू शकतात: जॉन म्हणजे योआनेस, जेम्स म्हणजे याकोबुस, विल्यम म्हणजे गुलिएल्मुस.

१८०० च्या सुमाराला पश्चिमेकडे जन्मलेल्या माणसाचा बाप्तिस्मा शोधत महिने घालवू नका. तिकडच्या कित्येक पॅरिशच्या वह्या १८२० नंतर, काहींच्या त्याहूनही उशिरा सुरू होतात. आधी वही कोणत्या वर्षापासूनची आहे ते पाहा. ती उशिराची असेल तर त्याचं लग्न, धाकटी भावंडं, शिक्षेआधी झालेली मुलं शोधा. बाप्तिस्म्याच्या साक्षीदारांची नावंही उतरवा. ते बहुधा नातलग असतात.

## पायरी ७: जुळणी

दोन्ही टोकं जोडण्याआधी हे प्रश्न विचारा. मृत्यूच्या दाखल्यातले आईबाप आणि इंडेंटमधले आईबाप एकच आहेत का? धर्म जुळतो का? धंदा जुळतो का? इंडेंटमध्ये ‘विवाहित’ असलेला माणूस लग्नाच्या अर्जात ‘अविवाहित’ झाला आहे का? हे शेवटचं वारंवार दिसतं. ते नामसाधर्म्यामुळे असू शकतं, किंवा हजारो मैलांवर राहिलेल्या बायकोला विसरून त्याने नवा संसार मांडलेला असू शकतो. खुणा आणि जहाज जुळत असतील तर दुसरी शक्यता धरा आणि आयर्लंडमधल्या त्या पहिल्या बायकोचं नाव वंशावळीत तिच्या जागी लिहा. तिची मुलंही लिहा.

मोठ्या मुलाचं नाव आजोबांवरून ठेवण्याची आयरिश रीत पुष्कळांना ठाऊक असते आणि तिच्यावर ते फार भिस्त ठेवतात. ती दिशा दाखवते, पण एवढ्यावर कुटुंब पक्कं करू नका.

एकमेकांपासून स्वतंत्र असे निदान तीन तपशील जुळले, एकही ठाम तपशील विरोधात गेला नाही आणि नामसाधर्म्याच्या तक्त्यातले बाकीचे सगळे खोडता आले, तर माणूस पक्का धरा. एक जण जरी खोडता आला नाही, तरी दोघांनाही तक्त्यात ठेवा, कोणता कागद मिळाला तर निकाल लागेल ते शंकेच्या रकान्यात लिहा आणि वंशावळीत पॅरिशची चौकट तोवर कोरी सोडा.